बोआडींची न उघडलेली खानावळ

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मग वाचाल कशाने? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात फक्त कान टवकारा.

दूरदेशीच्या कुमासी शहरापासून तासाभराच्या अंतरावरचं एक गाव. गावात एक मोठं चौकोनी घर. मध्ये अंगण, चारी बाजूंनी खोल्या, नऊ बिऱ्हाडं, एक नळ आणि कपडे वाळत घालायला सगळ्यांत मिळून एकच लांब दोरी. दुपारचे चार वाजले की या घरात आवाज सुरू होतो. धप्... धप्... धप्. उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि कच्ची केळी उखळात घालून माणसाच्या उंचीच्या मुसळानं कांडायला लागतात. कांडून कांडून त्याचा मऊ, चिकट गोळा होतो. तो फुफू. वाडग्यात मधोमध गोळा, भोवती वाफाळतं सूप. बोटांनी तुकडा तोडायचा, सुपात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. फुफू चावणाऱ्याकडे ही मंडळी पाणी चावणाऱ्याकडे बघावं तशी बघतात.

मुसळाचा आवाज म्हणजे त्या घराचं वर्तमानपत्र. कोणाचं मुसळ किती वेळ चाललं, यावरून कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाकडे तंगी आहे आणि कोणाकडे नवरा-बायकोचं बिनसलंय, हे बाकीच्या आठ बिऱ्हाडांना आपापल्या जागी बसून कळतं.

याच घरात घड्याळं दुरुस्त करणारे बोआडी राहत. सोबत बायको कोनादू आणि दहा वर्षांची नात सेरवा. सेरवाची आई लांब अक्रा शहरात नोकरी करायची, म्हणून नात आजोबांकडे. ती त्यांना नाना म्हणायची. डोळ्याला भिंग लावून बोआडी दिवसभर स्टुलावर बसत आणि संध्याकाळी जेवायला उठत. एवढाच त्यांचा व्यायाम. फुफू कोनादू उभी राहून कांडायची, सेरवा बसून दोन घावांच्या मधे गोळा उलटवायची, आणि बोआडी आतून विचारायचे, “झालं का?” हे विचारणं म्हणजे आपणही हातभार लावतोय, असं त्यांना मनापासून वाटे.

त्यांचा गोळा केवढा असायचा म्हणता? मांडीवर घेतलं तर तान्हं मूल वाटावं एवढा.

तर एका रविवारी चर्चमध्ये दानपेटीसमोर बोआडी वाकले आणि त्यांची तपकिरी पॅंट मागून, कशी सांगू, दोन स्वतंत्र देशांत विभागली गेली. गाणं नेमकं त्याच क्षणी संपलं होतं. पाद्रीबाबांनी प्रसंगावधान राखून पुढचं गाणं लगेच सुरू केलं, पण मागच्या तीन रांगांना सूर लागेना.

पॅंटचं दुःख बोआडींनी गिळलं असतं. फुफू गिळायची सवय होतीच. पण सोमवारी त्याहून वाईट झालं. एका मनगटी घड्याळाचा तिळाएवढा स्क्रू त्यांच्या डोळ्यासमोर असून दिसेना. भिंग पुसलं. डोळा पुसला. पुन्हा भिंग पुसलं. शेवटी सेरवानं चिमट्यानं तो उचलून दिला.

“नाना, इथेच तर होता.”

“मला दिसला होता,” बोआडी म्हणाले. “तुझी परीक्षा घेत होतो.”

 पण बोआडींना एकदम भाऊ आठवला. त्यांचा थोरला भाऊ शिंपी होता. त्याचंही असंच सुरू झालं होतं, आधी सुईचं नेढं दिसेना, मग सुई, मग गिऱ्हाईक. आता तो गावाकडे ओट्यावर बसून माणसांना आवाजावरून ओळखतो.

मंगळवारी ते गुपचूप दवाखान्यात गेले. सिस्टर अफ्रिये नावाच्या ठेंगण्या, ठसकेबाज बाई होत्या. त्यांनी बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं, मग बोआडींकडे पाहिलं.

“बाबा, उपाशीपोटी साखर तेरा पूर्णांक आठ. सात म्हटलं तरी जास्तच. रक्त आहे की सरबत?” (तिथलं माप वेगळं, आपल्याकडे हेच अडीचशे म्हणतात.)

“मी साखर खातच नाही,” बोआडी फणकारले. “म्हणजे चहात तीन चमचे. आणि सकाळच्या पेजेत. तेवढी काय ती.”

“आणि फुफू?”

“फुफू काय गोड असतो?”

सिस्टरनी खुर्ची पुढे ओढली. “ऐका. फुफू पोटात गेला की त्याची साखरच होते. कसावा, भात, रताळं, पाव, सगळ्यांची. तुमचं रक्त म्हणजे आपली भाड्याची ट्रोट्रो गाडी समजा. साखर म्हणजे उतारू. अंगातले स्नायू म्हणजे थांबे. हातपाय हालले की थांबे उघडतात, उतारू उतरतात, कामाला लागतात. तुम्ही बसता दिवसभर स्टुलावर. थांबे बंद. आणि संध्याकाळी चाळीस उतारू एकदम कोंबता. ते उतरणार कुठे? गाडीतच राहतात, आसनं फाडतात, काचा फोडतात. सगळ्यांत आधी नाजूक गल्ल्या खराब होतात. डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या बोटांच्या.”

बोआडींना गाडीचं नाही पटलं, पण दुसरंच काही आठवलं. घड्याळात धुळीचा एक कण गेला तर घड्याळ थांबत नाही. उद्याही थांबत नाही. रोज एक कण गेला की पाच वर्षांनी थांबतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “काल तर चांगलं चाललं होतं!”

“डोळे वाचतील का?” त्यांनी हळूच विचारलं.

“धुरकटपणा साखर उतरली की बराचसा जाईल. पण साखर अशीच राहिली तर पुढचं मी सांगत नाही. या गोळ्या चुकवायच्या नाहीत. फुफूचा गोळा तुमच्या मुठीएवढा. अर्ध्या वाडग्यात अळूची पानं, वांगी, भेंडी. गोड पेयं बंद. आणि जेवणाआधी किंवा नंतर रोज अर्धा तास अंग हलवायचं. तीन महिन्यांनी या.”

बोआडींनी घरी येऊन कोनादूला सगळं सांगितलं, आणि वर बजावलं, “हे या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. ज्याचे डोळे चाललेत त्याच्याकडे कोण घड्याळ देईल?”

कोनादू समजूतदार बाई. तिनं दुसऱ्याच दिवसापासून गोळा मुठीएवढा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. पण ही मूठ झाकली राहीना, कारण मुठीएवढा फुफू कांडायला वेळ लागतो तो किती? धप् धप् धप्, संपलं. आठही बिऱ्हाडांचे कान उभे राहिले.

पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मामे पोकुआ (मामे म्हणजे आपण मावशी म्हणतो तसं) वाडगं घेऊन आल्या. या बाई नळावर सगळ्यांत आधी जात आणि सगळ्यांत शेवटी परतत, यावरून काय ते ओळखा.

“कोनादू, बाई, थोडं शेंगदाण्याचं सूप जास्त झालं होतं,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, म्हणजे चार खोल्यांनाच ऐकू जाईल असा करून, “भांडण झालंय का गं? राग असला तरी पुरुषाला उपाशी ठेवू नये.”

“मी कशाला उपाशी ठेवू?”

“नाही, तसं नाही. पण तुझं मुसळ आजकाल नुसतं खोकतं आणि गप्प होतं.”

पाचव्या दिवशी चर्चच्या महिला मंडळानं सुरणाएवढे दोन याम कंद आणून दिले आणि दारात प्रार्थना केली. आठव्या दिवशी कोनादूच्या धाकट्या बहिणीनं दुसऱ्या गावाहून निरोप पाठवला, की दाजींचा धंदा बसला असेल तर लाजू नका.

कोनादूनं पदर खोचावा तसं कमरेचं कापड घट्ट केलं. “अहो, चौतीस वर्षं तुम्हाला जेवू घातलंय मी. तुमची पॅंट फाटली ती माझ्या हातच्या जेवणानं. आणि आता सगळं घर म्हणतंय मी नवऱ्याला वाळवतेय! एक तर लोकांना खरं सांगा, नाहीतर तुमचा गोळा पहिल्यासारखा करते. मला ही बोलणी सोसत नाहीत.”

बोआडी पेचात पडले. एकीकडे डोळे, दुसरीकडे बायकोची अब्रू, मधे स्वतःची प्रतिष्ठा. विचार करकरून त्यांनी जो तोडगा काढला, तो दोन तास बिनघोर झोपलेल्या माणसाला सुचला नसता.

“लोकांना काय पाहिजे? आवाज ना? आवाज देऊ!”

त्यांचं स्वयंपाकाचं छप्पर खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला होतं. तिथलं ऐकू सगळ्यांना जायचं, दिसायचं कोणाला नाही. दुसऱ्या दिवशी कोनादूचा मुठीएवढा फुफू झाल्यावर बोआडींनी बाह्या सरसावल्या आणि आयुष्यात प्रथमच मुसळ हातात घेऊन रिकाम्या उखळात हाणलं.

ठाक्!

अंगणातली एक कोंबडी उडाली. पलीकडून पोकुआंचा आवाज आला, “काय मोडलं गं?”

“नाना,” सेरवा कुजबुजली, “हे खोटं वाजतंय. फुफू ओला बोलतो.”

“मग आत काय घालू?”

सेरवा आत गेली आणि ती तपकिरी पॅंट घेऊन आली. पायांत केळीची सालं भरली, वरून गाठ मारली, पाण्यात बुचकळली आणि उखळात बसवली. बोआडींच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. चर्चमध्ये जे व्हायचं ते झालं होतं, पण अजून विटंबना बाकी होती.

धप्!

अहाहा. अस्सल फुफू. सेरवा समोर बसून दर दोन घावांमधे पॅंट उलटवू लागली, अगदी गंभीर चेहऱ्यानं. पाचव्या मिनिटाला बोआडींना घाम फुटला. दहाव्याला त्यांनी वाडवडिलांची नावं घेतली. पंधराव्याला ते पिंपावर बसले. पण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल? आठवड्यात वीस मिनिटं झाली, महिन्यात चाळीस. गंमत म्हणजे आता त्यांना रात्री गाढ झोप लागायची, आणि गेलं वर्षभर पायाला येणाऱ्या मुंग्या कधी यायच्या बंद झाल्या ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

कोनादूवरचे टोमणे थांबले. दोनेक महिने शांततेत गेले. मग घरानं उलटा हिशोब मांडला.

“चाळीस मिनिटं!” पोकुआ नळावर म्हणाल्या. “तीन माणसं आणि चाळीस मिनिटं? यांचं उखळ पांढरं झालंय.”

आता तिथली एक रीत ऐका. जेवताना समोरून कोणी गेलं की म्हणायचं, “या, जेवायला या.” आणि जाणाऱ्यानं म्हणायचं, “माझा हात आहेच त्यात,” आणि हसून पुढे जायचं. हात नुसता बोलण्यात असतो. पण चाळीस मिनिटांचा फुफू ऐकून लोकांचे हात खरोखरच यायला लागले. पहिल्या दिवशी कोपऱ्यातले दोघे भाऊ आले. दुसऱ्या दिवशी चर्चचा ढोलवाला. त्यांनी वाडग्यात पाहिलं तर मुठीएवढा गोळा आणि पानांचं रान.

“बाकीचा कुठाय?” ढोलवाल्यानं भाबडेपणानं विचारलं.

“गेला,” बोआडी म्हणाले.

“कुठे?”

“बाहेर.”

या एका शब्दानं घात केला. बाहेर म्हणजे विकायला! संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, की बोआडी मागच्या दारानं खानावळ चालवतात. आणि चौथ्या दिवशी खाकी कपड्यांतले आरोग्य निरीक्षक डोन्कोर वही घेऊन दारात उभे राहिले.

“विनापरवाना खानावळ. तक्रार आहे.”

“साहेब, मी घड्याळं दुरुस्त करतो!”

“तो दर्शनी धंदा झाला,” डोन्कोरांनी लिहून घेतलं. “रोज चाळीस मिनिटं कांडता, हे खरं की खोटं?”

मुलांनो, आता काय सांगायचं? खरं सांगितलं तर पॅंट बाहेर येते, पॅंटमागून साखर, साखरेमागून डोळे. बोआडी म्हणाले, “खरं.”

दुसऱ्या दिवशी ते आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमची खानावळ नाही, असा दाखला पाहिजे. असा दाखला नसतो. खानावळ बंद केल्याचा असतो.”

“मग तो द्या.”

“तो बंद केल्यावर मिळतो. बंद करायला आधी चालू पाहिजे. चालू करायला नोंदणी, नोंदणीला स्वयंपाकघराची तपासणी, आणि कांडणाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. सगळं झालं की त्याच दिवशी बंद करून देतो. माझा शब्द.”

अशा रीतीनं बोआडींनी, आयुष्यात कोणाला एक वाडगं सूप न विकता, खानावळ उघडायचा अर्ज भरला. ‘खानावळीचं नाव’ या रकान्यापुढे ते बराच वेळ थांबले. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘नाही’. कारकुनानं ते नाव म्हणून चढवलं.

प्रमाणपत्रासाठी ते दवाखान्यात गेले तो दिवस नेमका तीन महिने पुरे व्हायचा होता. सिस्टर अफ्रियेंनी कागद पाहिला. “खानावळ? तुमची? बाबा, मी काय सांगितलं होतं?” आणि रागारागानं बोटाला सुई टोचली.

यंत्र बोललं. सिस्टरनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. मग दुसऱ्या बोटाला टोचली.

“सात पूर्णांक एक,” त्या म्हणाल्या. “काय करता काय तुम्ही?”

“गोळ्या घेतो. पानं खातो.”

“आणि?”

“आणि... कांडतो.”

“काय कांडता?”

बोआडींनी खिडकीबाहेर पाहिलं. “ते विचारू नका, सिस्टर.”

तपासणीसाठी डोन्कोर संध्याकाळी चारला आले. आठ बिऱ्हाडं आधीच पत्र्याच्या आडोशाभोवती गोळा झाली होती. पोकुआंनी बसायला स्टूलसुद्धा आणलं होतं. डोन्कोरांनी भिंती पाहिल्या, पिंप पाहिलं, मग उखळावरचं झाकण उचललं, हात घातला आणि एक ओली, तपकिरी, गाठ मारलेली पॅंट वर काढली. पायांतून केळीची सालं टपटप गळली.

कोणीतरी विचारलं, “ही कुठल्या सुपाबरोबर खातात?”

मग जे हसणं उठलं ते सांगता येत नाही. ढोलवाला तर खालीच बसला. बोआडी मुसळाला धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, आता उखळानंच आपल्याला पोटात घ्यावं.

हसली नाही ती एकटी कोनादू. ती पुढे आली. “हसा,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याला साखरेचं दुखणं झालंय. गोळा लहान केला तर तुम्ही मला बोललात. मला बोल लागू नये म्हणून हा माणूस तीन महिने स्वतःची पॅंट कांडतोय. हसा अजून.”

ढोलवाला धूळ झटकत उठून उभा राहिला.

पोकुआंनी घसा खाकरला. “भाऊ, एवढंच होतं तर सांगायचं नाही का? माझ्या मिठाच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. चार वर्षं झाली. लोक काय म्हणतील म्हणून मिठात लपवल्यात.”

“मिठात?” सिस्टर अफ्रियेंचा आवाज मागून आला. काय कांडतात ते बघायला त्याही येऊन उभ्या होत्या. “बाई, मीठच तर कमी करायचंय तुम्हाला!”

डोन्कोर वही मिटून उभे होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. “हे माझ्या वडिलांचं. वर्षभर बंद आहे. बघता का?”

बोआडींनी हात मागे घेतला. सगळ्यांसमोर नको, असं त्यांना वाटलं. पण सेरवानं आतून स्टूल, भिंग आणि चिमटा आणून ठेवला होता. ते बसले. झाकण उघडलं. चाकांशी वर्षानुवर्षांची धूळ साचली होती, ती फुंकरीनं काढली. निसटलेला स्क्रू चिमट्यात धरला, तिळाएवढा. सगळं अंगण श्वास रोखून होतं. सेरवानं तर डोळेच मिटून घेतले.

स्क्रू पहिल्याच खेपेला जागेवर बसला. टिक् टिक् टिक्.

“मला दिसला होता,” बोआडी म्हणाले. या वेळी खरं होतं.

कचेरीच्या दप्तरात ‘नाही’ नावाची खानावळ एक दिवस चालून बंद झाल्याची नोंद आजही आहे. ती असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेरवानं उखळातली पॅंट काढली, सालं झटकली, नळावर साबण लावून धुतली, आणि अंगणाच्या मधोमध, त्या एकुलत्या एका दोरीवर, फाटकी बाजू पुढे करून चार चिमटे लावून वाळत घातली. बोआडी दारातून बघत होते. मग ते भिंग पुसून कामाला बसले.

मग ती कमरेवर टोपली घेऊन पोकुआंच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली.

“मामे पोकुआ,” ती म्हणाली, “तुमच्याकडे काही जुनं, जाडजूड, फाटकं आहे का? चार वाजता मी उलटवायला येईन.”